पगारातून कापलेला पैसा आणि फॉर्म 16

(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

आपल्या वार्षिकात दरवर्षी कविता असतात, कथा असतात, सहलींची वर्णने असतात आणि थोरामोठ्यांची चरित्रेही असतात. त्यांच्या पंक्तीला आयकराच्या एका छापील कागदावरचा लेख बसविणे कित्येकांना विचित्र वाटेल. 'कला शाखेच्या मुलीला ही उठाठेव कशाला? हे काम वाणिज्य शाखेचे' असेही कोणी म्हणेल. परंतु हा कागद घरी येताना घरातील मुले कोणत्या शाखेत शिकतात हे पाहून येत नाही. माझ्या वर्गातील कितीतरी जणांचे आई-वडील, भाऊ, मामा कारखान्यांत, बँकांत, रुग्णालयांत, शाळांत नोकरी करतात. आपल्यापैकी अनेकांच्या हाती दोन-चार वर्षांत स्वतःच्या नावाचा असा कागद पडेल. तो वाचता आला पाहिजे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मशीनवर काम करतात. गल्लीत कोणाकडेही इंग्रजी कागद आला की 'पोरी, जरा वाचून सांग' अशी हाक येते. जून महिन्यात या हाका वाढतात, कारण मागच्या आर्थिक वर्षाचा फॉर्म 16 मालकाने 15 जूनपर्यंत द्यायचा असतो. आणि तो हाती घेऊन बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : 'आमचा फंड यात कोठे आहे?' हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधताना मला जे समजले ते क्रमाने मांडते. सर्व नियम व आकडे 2024-25 या आर्थिक वर्षाचे घेतले आहेत.

फंड म्हणजे काय?

फंड म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, बोलीभाषेत पी.एफ. त्यासाठीचा कायदा संसदेने 1952 साली केला. 2024-25 मध्ये वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर 12 टक्के रक्कम कामगाराच्या पगारातून कापली जाते आणि तेवढीच रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून घालावयाची असते. मात्र मालकाचा सगळा वाटा निधीत जात नाही. 1995 साली निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. त्या योजनेच्या सभासदांसाठी मालकाच्या वाट्यातील 8.33 टक्के तिकडे वळतात आणि उरलेली रक्कम निधीत पडते. हे 8.33 टक्के जास्तीत जास्त 15,000 रुपये वेतनावर मोजतात. ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची आहे. म्हणून निवृत्तिवेतनाकडे महिन्याला 1,250 रुपयांहून अधिक जात नाहीत.

वडिलांचा पगार छापण्यास त्यांची संमती नाही आणि ते रास्तच आहे. म्हणून हिशेबाला सोयीचा एक कामगार मनाशी धरू. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 30,000 रुपये, घरभाडे व इतर भत्ते 18,000 रुपये, एकूण महिना 48,000 रुपये. तो जुना सभासद आहे आणि स्वतःच्या घरात राहतो. त्याच्या पगारातून दरमहा 3,600 रुपये निधीसाठी कापले जातात. मालकही 3,600 घालतो. त्यांतील 1,250 निवृत्तिवेतनाकडे जातात व 2,350 निधीत. वर्षाअखेर कामगाराच्या वाट्याचे 43,200 आणि मालकाच्या वाट्याचे 28,200, असे 71,400 रुपये निधीत जमा झाले पाहिजेत. त्यावर व्याज वेगळे. 2024-25 साठी व्याजाचा दर 8.25 टक्के ठरला होता. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच.

आता हे आकडे फॉर्म 16 वर शोधू.

कागदाचे दोन भाग

फॉर्म 16 चे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग असतात. 'अ' भागात मालकाचे व कामगाराचे नाव, दोघांचे पॅन, मालकाचा टॅन क्रमांक, आणि दर तिमाहीत किती आयकर कापला व किती सरकारजमा केला याचा तक्ता असतो. कर कोणत्या तारखेला भरला, कोणत्या चलनाने भरला, हेही तेथे लिहिलेले असते. 'ब' भागात पगाराचा सगळा हिशेब असतो : एकूण वेतन, त्यातून वजावटी, उरलेले करपात्र उत्पन्न आणि त्यावरील कर.

'ब' भागाच्या अगदी वरच्या ओळीत कलम 17(1) प्रमाणे वेतन लिहितात. आपल्या कामगाराच्या बाबतीत तेथे 5,76,000 रुपये येतील, म्हणजे 48,000 गुणिले 12. येथेच पहिला घोटाळा होतो. गल्लीतले एक काका मला म्हणाले, 'अगं, माझ्या हातात एवढे आलेच नाहीत. हे जास्त लिहून कर वाढवतायत.' तसे नाही. निधीसाठी कापलेले 43,200 हातात आले नाहीत, तरी ते कामगाराचेच वेतन आहे. कायद्याच्या दृष्टीने ते त्याला मिळाले आणि त्याने ते निधीत टाकले. म्हणून वरच्या ओळीतून ते वजा होत नाहीत. पगारपत्रकातील 'निव्वळ देय' आणि फॉर्म 16 मधील वेतन हे आकडे यामुळेच जुळत नाहीत.

त्याखाली कलम 16 च्या वजावटी येतात. जुन्या करपद्धतीत प्रमाणित वजावट 50,000 रुपये आणि महाराष्ट्रात वर्षाला कापला जाणारा व्यवसाय कर 2,500 रुपये. उरले 5,23,500. यानंतर आणखी खाली, दहाव्या क्रमांकाच्या रकान्यात, कलम 80 सी आहे. आयुर्विम्याचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधीतील वर्गणी वगैरे त्यात एकत्र धरतात. आपल्या कामगाराचे 43,200 रुपये येथे उतरतात. या कलमाखाली सर्व मिळून वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळते. 43,200 वजा जाता करपात्र उत्पन्न राहिले 4,80,300.

या एका ओळीने केवढा फरक पडतो पाहा. जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर कलम 87 अ च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. आपला कामगार या ओळीमुळे पाच लाखांच्या आत आला. ती ओळ भरावयाची राहिली तर 5,23,500 वर 17,200 रुपये कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, असे 17,888 रुपये भरावे लागतील. एक रकाना रिकामा राहिल्याची ही किंमत आहे. असे झाले तरी विवरणपत्र भरताना ही वजावट स्वतः मागता येते. पण त्यासाठी ती राहिली आहे हे आधी कळले पाहिजे.

शून्य लिहिले म्हणजे काय?

2023-24 पासून नवी करपद्धती हीच मूळ पद्धत मानली जाते. जुनी हवी असल्यास तसे कळवावे लागते. नव्या पद्धतीत कराचे दर कमी आहेत, 2024-25 साठी प्रमाणित वजावटही 75,000 केली होती, परंतु 80 सी ची वजावट तीत नाही. व्यवसाय कराचीही नाही. आपला कामगार नव्या पद्धतीत असता तर 5,76,000 मधून 75,000 जाऊन 5,01,000 उरले असते. त्यावर 10,050 रुपये कर येतो, आणि उत्पन्न सात लाखांच्या आत असल्यामुळे तोही माफ होतो. म्हणजे या कामगाराला दोन्हीकडे कर शून्यच.

फरक पडतो तो कागदावर. नव्या पद्धतीत 80 सी च्या ओळीत वजावट शून्य दिसते. दरमहा 3,600 रुपये कापले गेले, तरी फॉर्म 16 वर त्याची खूण राहत नाही. आमच्या गल्लीत यावरून केवढा गोंधळ उडाला! 'यंदा मालकाने फंड भरलाच नाही' अशी बातमी एका संध्याकाळी चार घरांत फिरली. प्रत्यक्षात त्या घरांतील फंड वेळच्या वेळी भरला गेला होता. बदलली होती ती फक्त करपद्धती.

मालकाचा वाटा कोठे आहे?

आता मालकाचे 3,600. ते फॉर्म 16 मध्ये कोठेही सापडत नाहीत, आणि यात मालकाची लबाडी नाही. मान्यताप्राप्त निधीत मालकाने घातलेली रक्कम वेतनाच्या 12 टक्क्यांपर्यंत कामगाराचे करपात्र उत्पन्न मानली जात नाही. जे उत्पन्नच धरले नाही ते वजा तरी कशातून करणार? म्हणून ती रक्कम वर लिहीतही नाहीत आणि खाली वजाही करीत नाहीत. 2020-21 पासून एक अपवाद आहे. निधी, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना वगैरे मिळून मालकाचा वाटा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला, तर वरची रक्कम कलम 17(2) च्या ओळीत करपात्र म्हणून येते. तसेच 1 एप्रिल 2021 पासून कामगाराची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांहून अधिक असेल, तर अधिकच्या भागावरील व्याज करपात्र झाले. आमच्या गल्लीला यांपैकी कशाचीच धास्ती नाही!

आपल्या प्राध्यापकांचा फॉर्म 16 मात्र वेगळा दिसतो. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर शासकीय सेवेत लागलेल्यांसाठी परिभाषित अंशदान योजना आली व ती पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. तीत कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्के भरतो आणि शासन 14 टक्के. समजा ही बेरीज 50,000 आहे. शासनाचे दरमहा 7,000, म्हणजे वर्षाचे 84,000, आधी वेतनात मिळविले जातात आणि मग कलम 80 सीसीडी(2) खाली वजा केले जातात. ही वजावट जुन्या व नव्या दोन्ही पद्धतींत मिळते. कर्मचाऱ्याचे स्वतःचे 60,000 जुन्या पद्धतीत 80 सीसीडी(1) खाली, त्याच दीड लाखाच्या मर्यादेत बसतात. म्हणजे कारखान्यातील मालकाचा वाटा कागदावर अदृश्य, तर योजनेतील शासनाचा वाटा दोनदा दिसणारा. दोघांनाही त्यावर कर नाही, पण लिहिण्याची रीत निराळी. 84,000 मिळविले आणि वजा करावयाचे राहून गेले, तर मात्र न मिळालेल्या पैशावर कर भरावा लागतो. या योजनेतील प्राध्यापकांनी ही ओळ अवश्य पाहावी, अशी एका विद्यार्थिनीची नम्र सूचना.

कापले म्हणजे भरले का?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फॉर्म 16 चा 'अ' भाग आयकर कापला किती आणि भरला किती, हे दोन्ही सांगतो. भविष्यनिर्वाह निधीसाठी असा तक्ता या कागदात नाही. 80 सी च्या ओळीतील आकडा मालकाच्या पगारपत्रकांवरून येतो. त्याचा अर्थ एवढाच की, इतकी रक्कम पगारातून कापली. ती निधीत पोचली किंवा नाही, हे त्या ओळीवरून कळत नाही. हा कागद करासाठी बनविलेला आहे; निधीची पावती म्हणून तो वाचता येत नाही.

हे आमच्या घरी प्रत्यक्ष घडले. वडिलांच्या कारखान्यात फंडाची रक्कम दरमहा कापली जात होती. फॉर्म 16 मध्ये 80 सी च्या ओळीत बारा महिन्यांचा पूर्ण आकडा होता आणि वडिलांचे समाधान झाले होते. मी सहज त्यांचे निधीचे पासबुक मोबाइलवर उघडले. त्यात आठच महिने भरलेले होते. शेवटच्या चार महिन्यांच्या जागी काहीच नव्हते. वडिलांचा आधी विश्वास बसेना. 'सरकारी कागदावर लिहिलंय ना?' असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कागद सरकारी नमुन्यातला होता, पण तो आकडा कारखान्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोबतच्यांना पासबुके पाहायला सांगितली. सगळ्यांची तीच गत. कामगारांनी एकत्र अर्ज लिहिला. त्याचा मसुदा मी केला. पगारपत्रके आणि पासबुकाची पाने जोडून तो कारखान्यात आणि निधीच्या कार्यालयात दिला. तीन महिन्यांनी कायम कामगारांची रक्कम जमा झाली. कंत्राटदाराकडील दोघांची अद्याप झालेली नाही. त्यांना तर फॉर्म 16 ही मिळत नाही. ज्यांचा करच कापला जात नाही त्यांना तो देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि त्यांचा पगार कर बसण्याइतका नाही. कमी पगाराच्या माणसाला तपासण्यासाठी पासबुकाखेरीज दुसरा कागदच उरत नाही.

अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने आहे, हेही पाहिले पाहिजे. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम मालकाने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावयाची असते. आयकराच्या 1961 च्या अधिनियमात एक नेमकी तरतूद होती : कामगाराकडून कापलेली वर्गणी प्रथम मालकाचे उत्पन्न म्हणून धरावयाची, आणि ती मुदतीत निधीत भरली तरच त्याला तिची वजावट द्यावयाची. मुदत चुकली की वजावट गेली. 12 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात हाच अर्थ कायम केला. मालकाचा स्वतःचा वाटा आणि कामगाराकडून कापलेला वाटा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, दुसरा पैसा मालकाचा नव्हेच, तो त्याच्याकडे विश्वासाने ठेवलेला आहे, हे त्या निकालामागील तत्त्व. फौजदारी कायदाही तेच म्हणतो. कापलेली वर्गणी न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा मानला जातो. ही तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 405 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे.

आपण काय करावे?

तीन कागद शेजारी शेजारी ठेवावेत : वर्षभराची पगारपत्रके, फॉर्म 16 आणि निधीचे पासबुक. पगारपत्रकांतील बारा कपातींची बेरीज करावी. जुनी करपद्धती असेल तर ती 80 सी च्या रकमेत आली आहे का पाहावे. नवी असेल तर तेथील शून्याने घाबरू नये. मग पासबुक उघडावे. प्रत्येक सभासदाला बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक असतो, त्याला यूएएन म्हणतात. त्यावरून निधी संघटनेच्या संकेतस्थळावर किंवा 'उमंग' ॲपवर पासबुक दिसते. त्यात प्रत्येक महिन्यासमोर कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि निवृत्तिवेतनाची रक्कम अशा तीन आकड्यांकडे पाहावे. मालकाचा वाटा सापडण्याची खरी जागा तीच. आणि हे काम जूनची वाट न पाहता दोन-तीन महिन्यांनी एकदा करावे. चार महिने थकल्यावर ओरडण्यापेक्षा एक महिना थकल्यावर विचारणे सोपे.

नोकरी बदलताना तरुणांकडून होणारी एक गोष्टही सांगते. पहिली नोकरी सोडली की फंड काढून मोटारसायकल घेण्याची पद्धत आहे. सलग पाच वर्षे सेवा होण्यापूर्वी निधी काढला तर तो करपात्र ठरतो. रक्कम 50,000 किंवा अधिक असेल तर, पॅन दिलेला असल्यास, 10 टक्के कर आधीच कापतात. त्याचा दाखला फॉर्म 16 मध्ये येत नाही, तो फॉर्म 16 अ म्हणून वेगळा मिळतो. त्याऐवजी जुने खाते नव्या नोकरीत वर्ग केले तर आधीच्या नोकरीची वर्षेही पाच वर्षांत मोजली जातात. आजारपणामुळे किंवा कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी सुटली असेल तर पाच वर्षांची अट लागत नाही.

कलमांविषयी एक खुलासा. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर अधिनियमाची जागा 2025 च्या अधिनियमाने घेतली आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असून 80 सी च्या जागी कलम 123 आले आहे. जुने कागद वाचताना मात्र जुनेच क्रमांक उपयोगी पडतील. आणि नव्या नमुन्यातही करासाठी लिहिलेला आकडा व निधीत पडलेला पैसा हे ताडून पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण बचत, गुंतवणूक, सामाजिक सुरक्षा यांच्या व्याख्या पाठ करतो. ती सुरक्षा बारा अंकी क्रमांकाच्या एका खात्यात, दरमहा 3,600 च्या हप्त्याने बांधली जाते. हप्ता देणारा माणूस रात्रपाळी करून तो देतो. तो पोचला की नाही, हे पाहण्याइतके इंग्रजी आणि एवढी बेरीज-वजाबाकी आपल्यापाशी नक्कीच आहे. या सुट्टीत घरी गेल्यावर आई-वडिलांचा यूएएन विचारून घ्या आणि पासबुकातील महिने मोजा. बारा भरले तर आनंद आहे. कमी भरले तर कोणता महिना राहिला तो लिहून काढा, त्या महिन्याचे पगारपत्रक शोधून ठेवा आणि अर्ज लिहायला बसा.